फियॉर्ड कशाला म्हणायचं, हे कोण ठरवणार?

भूगोलमास्तर: पुस्तकात फियॉर्ड म्हणजे हिमनदीने कोरलेली, उभ्या कड्यांमधली खोल खाडी. नॉर्वेतला सोग्नेफियॉर्ड 205 किमी आत जातो, खोली 1300 मीटरच्या आसपास. आता डेन्मार्कचा लिमफियॉर्ड बघा. सपाट रान, पाणी बरंचसं उथळ. त्यात 1825 च्या वादळात पश्चिमेची वाळूची पट्टी फुटली. दोन्ही तोंडं समुद्राला उघडी, म्हणजे सरळ सामुद्रधुनीच! याला फियॉर्ड म्हणणं चूक आहे.

दर्यावर्दी: मास्तर, शब्द आधीचा, व्याख्या कालची. उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स बोलीत समुद्राचा आत घुसलेला जवळजवळ कुठलाही फाटा फियॉर्डच. स्कॉटलंडचा ‘फर्थ’ तोच शब्द, जर्मनीत कीलजवळचा ‘फ्योर्डं’ही तोच. तिथे कडे शोधत बसा! भूगोलवाल्यांनी नॉर्वेतले नमुने पाहून शब्द उचलला आणि आता मूळ मालकालाच शिकवताय.

अर्धापंडित: गंमत म्हणजे फियॉर्ड, इंग्रजी ‘फोर्ड’ (नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा) आणि लॅटिन ‘पोर्टुस’ (बंदर) एकाच मुळाचे. अर्थ ओलांडणे. आपलं ‘पार’ त्याच गोतावळ्यातलं.

तिरशिंगराव: आलं संस्कृत! नातं खरंय हो, पण त्याने वाद कुठे मिटतो? मुळावर बोट ठेवून निवाडा करायचा तर सोग्नेफियॉर्डसुद्धा नदीचा उतार ठरेल.

खारवी: मी मास्तरांकडून. नुसत्या नावांवर विसंबलं की काय होतं बघा. वेल्समधलं मिलफर्ड हेवन. नाव नॉर्स, ‘मेल्र’ म्हणजे वाळूचा दांडा आणि पुढे फियॉर्ड. प्रत्यक्षात ती रिया, म्हणजे समुद्रात बुडालेलं नदीचं खोरं. त्यावरून न्यूझीलंडमध्ये मिलफर्ड साउंड नाव पडलं, आणि तो मात्र अस्सल हिमनदीचा फियॉर्ड! पोरांनी करायचं काय?

दर्यावर्दी: पोरांनी नकाशा नीट बघायचा. आणि रिया तरी कुठे सोवळी आहे? स्पेनमधल्या गॅलिशियातल्या लोकांचा रोजचा शब्द, ‘रिओ’ (नदी) या शब्दाचं भावंड. रिख्टहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने 1886 मध्ये त्याची संज्ञा केली. उद्या तिथे तिसऱ्या-शिंपल्या वेचणाऱ्या बाईला सांगाल, बाई गं, तुझी रिया नियमात बसत नाही.

भूगोलमास्तर: तिला नाही सांगणार. पण पेपरात फियॉर्डचं उदाहरण म्हणून लिमफियॉर्ड लिहिलंत, तर भोपळा मिळेल.