पीपीएचएन म्हणून नायट्रिक ऑक्साइड लावण्याआधी: अडथळ्याचं टीएपीव्हीसी कसं ओळखायचं?

रात्रपाळी_एसएनसीयू
पूर्ण दिवसांचं बाळ, वजन 2.8 किलो, जन्मल्यावर लगेच रडलेलं. काही तासांत धाप, श्वास मिनिटाला 80. व्हेंटिलेटरवर 100 टक्के ऑक्सिजन देऊनही सॅच्युरेशन 70 च्या घरात. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुरकट, हृदय लहानच. सर्फॅक्टंटने (फुप्फुसं उघडी ठेवणारं औषध) फरक नाही. असं चित्र असलं की कागदावर आरडीएस (अपक्व फुप्फुसांचा श्वासत्रास) नाहीतर पीपीएचएन (जन्मानंतरही फुप्फुसातला रक्तदाब चढलेलाच राहणं) लिहिलं जातं. जिल्ह्याच्या ठिकाणी बालहृदयरोगतज्ज्ञ नसतात, पण इको मशीन असतं. यातलं टीएपीव्हीसी (चारही फुप्फुसशिरा चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या असण्याचा जन्मजात हृदयदोष) वेगळं कसं काढायचं आणि बाळ पुढे पाठवेपर्यंत काय टाळायचं?

इको_वाचक
हृदय लहान दिसलं म्हणून हृदयाचा आजार नाही असं धरलं जातं, तिथेच घात होतो. चारही फुप्फुसशिरा डाव्या अलिंदात (एलए, हृदयाचा वरचा डावा कप्पा) न उघडता त्याच्या मागे एकत्र येतात आणि एका उभ्या शिरेने भलतीकडे जातात. इन्फ्राकार्डियाक (हृदयाच्या खाली जाणाऱ्या) प्रकारात ही शीर अन्ननलिकेच्या सोबतीने श्वासपटलाखाली उतरते आणि पोर्टल व्हेनला (यकृताकडे जाणारी शीर) किंवा डक्टस व्हेनोससला (यकृताला वळसा घालणारी गर्भातली नळी) मिळते. डक्टस व्हेनोसस मिटू लागला की ते सगळं रक्त यकृतातून वाट काढतं. मागे फुप्फुसात रक्त तुंबतं, पाणी साचतं. उजव्या बाजूला फारसं जास्तीचं रक्त येतच नाही, म्हणून हृदय फुगत नाही. पुस्तकातला ‘स्नोमॅन’ (एक्स-रेत बर्फाच्या माणसासारखी दिसणारी हृदयाची सावली) या बाळात शोधू नका. तो अडथळा नसलेल्या सुप्राकार्डियाक (हृदयाच्या वर जाणाऱ्या) प्रकारात, तोही काही महिन्यांनी दिसतो.

एलएमध्ये एकही शीर उघडत नाही हे नवख्या हाताला सिद्ध करता येणं कठीण, म्हणून उलट बाजूने या. सबकॉस्टलमधून (बरगड्यांखालून) पीएफओ (दोन अलिंदांमधलं छिद्र) पाहा. पीपीएचएनमध्ये प्रवाह बहुधा दोन्ही दिशांना असतो. टीएपीव्हीसीत तो फक्त उजवीकडून डावीकडे, कारण एलएला रक्त मिळायचा दुसरा मार्गच नाही. मग पोटाचा आडवा छेद घ्या. महाधमनी आणि आयव्हीसी (खालची महाशीर) सोडून तिसरी नळी दिसली तर कलर डॉप्लर लावा. कलरचं स्केल सेकंदाला 20 ते 40 सेंटिमीटर इतकं खाली आणा, नाहीतर शिरेतला मंद प्रवाह दिसणार नाही. महाधमनीच्याच दिशेने खाली जाणारा, पण ठोक्यागणिक न उसळता सलग वाहणारा प्रवाह मिळाला की उतरती शीर सापडली. सुप्रास्टर्नलमधून (छातीच्या हाडाच्या वरून) चार शिरांचा ‘खेकडा’ एलएमध्ये उघडताना स्पष्ट दिसला, तरच टीएपीव्हीसी नाही म्हणा. सुप्राकार्डियाक प्रकारातही अडथळा येतो. उभी शीर डावी पल्मनरी आर्टरी (फुप्फुसाची धमनी) आणि डावा ब्रॉंकस (श्वासनळीची फांदी) यांच्यामध्ये चेपली जाते.

इको मिळायला वेळ असेल आणि यूव्हीसी (नाळेच्या शिरेतली नळी) घातलेली असेल, तर यूव्हीसीतून आणि धमनीतून एकाच वेळी रक्त घेऊन गॅस तपासणीला पाठवा. यूव्हीसीतला पीओटू (ऑक्सिजनचा दाब) धमनीतल्यापेक्षा जास्त आला, तर इन्फ्राकार्डियाकचा संशय पक्का. इतकी स्वस्त खूण असूनही ती फार कमी ठिकाणी पाहिली जाते.

नवजात_आयसीयू
टाळायच्या यादीत पहिलं नाव नायट्रिकचंच. फुप्फुसात जाणारा रस्ता तुम्ही रुंद करता, बाहेर पडायचा मात्र बंदच असतो, त्यामुळे पाणी आणखी वाढतं. जोरात हवा भरून कार्बन डायऑक्साइड पाडला तरी परिणाम तोच. पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब) 40 ते 45 च्या आसपास ठेवा, पीईईपी (श्वास सोडल्यावर फुप्फुसात राखलेला दाब) 6 ते 8. सॅच्युरेशन 90 व्हावं म्हणून धडपडू नका. लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडल्याची रक्तातली खूण) वाढत नसेल आणि लघवी होत असेल तर 75 ते 80 वर थांबायला हरकत नाही. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) 1 मिलिग्रॅम प्रतिकिलो. सलाइनचे बोलस मागे लावत बसू नका, रक्तदाब ढासळला तर इनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारं औषध) घ्या. ॲसिडोसिस (रक्तात वाढलेलं आम्ल) सुधारा, साखर तपासा, दूध बंद ठेवा. प्रवासात तापमान 36.5 च्या खाली जाऊ देऊ नका.

मुख्य गोष्ट वेळेची. हे बाळ औषधांवर स्थिरावेल म्हणून वाट पाहणं चूक आहे. अडथळा शस्त्रक्रियेनेच निघतो. संशय आला की आधी हृदयशल्य केंद्राला फोन, सरकारी आरोग्य योजनेचे कागद त्याच्या बरोबरीने.

रात्रपाळी_एसएनसीयू
आणि प्रोस्टाग्लँडिन? निळं बाळ दिसलं की सुरू करा असंच शिकवलं जातं.

नवजात_आयसीयू
इको होईपर्यंत ते धोरण बरोबरच आहे, कारण निळ्या बाळात पीडीएवर (महाधमनी आणि फुप्फुसधमनी जोडणारी गर्भातली नळी, प्रोस्टाग्लँडिन ती उघडी ठेवतं) जगणारे आजार जास्त. 0.01 ते 0.05 मायक्रोग्रॅम प्रतिकिलो प्रतिमिनिट, ॲप्नियाची (श्वास थांबण्याची) तयारी ठेवून. पण सुरू केल्यावर फुप्फुसं आणखी पांढरी पडली आणि सॅच्युरेशन घसरलं, तर टीएपीव्हीसी मनात आणा आणि केंद्राशी बोलून थांबवा. इन्फ्राकार्डियाकमध्ये डक्टस व्हेनोसस उघडा राहून थोडा उपयोग होऊ शकतो, म्हणून सरसकट बंदी नाही.

शल्य_विभाग
शस्त्रक्रियेत मागची एकत्र आलेली शीर एलएला रुंद तोंडाने जोडतात, एएसडी (अलिंदांमधलं छिद्र) बंद करतात आणि उभी शीर बहुधा बांधतात. काही केंद्रं ती काही काळ उघडी ठेवतात. नंतरचे पहिले दोन-तीन दिवस निसरडे. डाव्या बाजूचे कप्पे लहान, त्यांना आजवर एवढं रक्त झेलायची सवय नसते. द्रव जरा जास्त झाला की एलएचा दाब एकदम चढतो. पल्मनरी हायपरटेन्शनचा (फुप्फुसातला रक्तदाब चढण्याचा) झटका आला तर मात्र नायट्रिक कामाचं, कारण आता बाहेरचा रस्ता मोकळा असतो.

घरी गेल्यावर खरी भीती शिरा पुन्हा अरुंद होण्याची. दहातल्या एखाद-दुसऱ्या बाळात हे होतं, बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून 1, 3 आणि 6 महिन्यांनी इको ठेवा. अहवालात प्रत्येक शिरेचा वेग वेगळा लिहून मागा, नुसतं ‘जोड चांगली’ पुरत नाही. पुन्हा अरुंद झालेल्या शिरांसाठी सुचरलेस पद्धत वापरतात. टाके शिरेच्या कडेवर न घेता भोवतीच्या पेरिकार्डियमवर घेतात, म्हणजे कडेला व्रण धरत नाही.

गावातल्या डॉक्टरांसाठी डिस्चार्ज कार्डवर ठळक लिहा: धाप, दूध पिताना दमणं, वजन न वाढणं किंवा पुन्हा पुन्हा ‘न्यूमोनिया’ झाला, तर अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स देण्याआधी इको.