पाळी जाण्याच्या दिवसांतील चढउतार: आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर झालेली चर्चा

धाकटी वहिनी:
नमस्कार. हा विषय ग्रुपवर मांडावा की नाही, याचा चार दिवस विचार करत होते; पण इथे आपण सगळे घरचेच आहोत, म्हणून लिहिते. मला सेहेचाळिसावे वर्ष चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी सलग सहा रात्री मी घामाने निथळून जागी झाले. उशीची खोळ अक्षरशः पिळून काढावी इतकी भिजायची आणि दिवसा क्षुल्लक कारणावरून डोळ्यांत पाणी यायचे. मी डॉक्टरांची वेळ घेतली. पण ती तारीख उजाडेपर्यंत सगळे थांबले आणि पुढचे तीन आठवडे इतके छान गेले की, आपण उगाच बाऊ केला असे वाटून मी ती वेळ रद्द केली. परवापासून पुन्हा तेच सुरू झाले आहे. पाळीसुद्धा एकदा २४ दिवसांनी आली आणि पुढची थेट ५२ दिवसांनी. मधल्या काळात मी स्वतःहून हॉर्मोनची रक्ततपासणी करून घेतली, तर अहवाल नॉर्मल आला. आता माझा माझ्यावरचाच विश्वास उडत चालला आहे. हा त्रास खरोखर शरीराचा आहे की माझ्या मनाचे खेळ आहेत, हे कोणी सांगू शकेल का?

मावशी:
मनाचे खेळ मुळीच नाहीत, बाळा. मला बोलायचे आहे, पण आधी बाकीच्यांना लिहू दे. मला टाइप करायला वेळ लागतो.

मी:
वहिनी, तू हे मोकळेपणाने लिहिलेस ते फार चांगले केलेस. माझी शेवटची पाळी येऊन आता अडीच वर्षे झाली आणि त्याआधीची जवळजवळ पाच वर्षे मी याच अवस्थेत काढली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपली अशी समजूत असते की, वय वाढते तसे इस्ट्रोजेन हे स्त्रीचे मुख्य संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, एकेक पायरी उतरत कमी होत जाते. प्रत्यक्षात पाळी कायमची थांबण्याआधीच्या वर्षांत ते हेलकावे खात असते. अंडाशयांचा प्रतिसाद कमी होऊ लागला की मेंदूतील पियुषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक जास्त प्रमाणात सोडून त्यांना हाका मारू लागते. या हाकांना अंडाशये कधी वाजवीपेक्षा जास्त ओ देतात आणि इस्ट्रोजेन तरुणपणापेक्षाही वर जाते. कधी ती ओच देत नाहीत आणि इस्ट्रोजेन एकदम खाली येते. ज्या महिन्यात स्त्रीबीज बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरकही पुरेसे तयार होत नाही. त्यामुळे एकाच बाईला एका महिन्यात छाती दुखरी होऊन अंगावरून खूप जाते, तर पुढच्या महिन्यात अंगातून वाफा निघतात आणि झोप उडते. तुझ्या त्या सहा रात्री आणि नंतरचे तीन चांगले आठवडे ही एकाच हेलकाव्याची दोन टोके आहेत. चांगले आठवडे आले म्हणून आधीचा त्रास खोटा ठरत नाही, हे तू सर्वांत आधी स्वतःला सांग.

आता तुझ्या अहवालाविषयी. एफएसएच एका आठवड्यात चढलेले आणि पुढच्या आठवड्यात अगदी नेहमीसारखे असू शकते, म्हणून एका दिवशीच्या रक्तावरून काहीच सिद्ध होत नाही. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर स्पष्ट सांगितले आहे की, ४५ वर्षांच्या पुढच्या स्त्रीला अशी लक्षणे असतील तर निदानासाठी ही तपासणी करू नये. लक्षणे आणि पाळीतील बदल यांवरूनच निदान करावे. तुझ्या पाळीच्या तारखा त्या अहवालापेक्षा जास्त बोलक्या आहेत. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत ७ किंवा अधिक दिवसांचा फरक वारंवार पडू लागला की हा संक्रमणकाळ सुरू झाला असे मानतात, आणि ६० किंवा अधिक दिवस पाळी आली नाही की तो पुढच्या टप्प्यात गेला असे धरतात. सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते. रक्त तपासायचेच असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर पाहावे, कारण त्यांच्या बिघाडातूनही थकवा, धडधड आणि चिडचिड होते.

धाकटा भाऊ:
ताई, हे वाचून मला कसेसेच झाले. "काल तर तू अगदी ठीक होतीस" हे वाक्य गेल्या दोन महिन्यांत मी तिला कितीदा तरी ऐकवले आहे. मला वाईट हेतूने म्हणायचे नव्हते, मला ते खरोखरच कोडे वाटत होते. मी नेमके काय करावे, हे सांगशील का?

मी:
ते वाक्य आजपासून बंद कर. त्याऐवजी सकाळी एवढेच विचार की, "आजची रात्र कशी गेली?" तिने "वाईट" असे सांगितले तर त्या दिवशीचे एखादे काम न सांगता स्वतःकडे घे आणि ती संध्याकाळी टवटवीत दिसली, तरी सकाळच्या शब्दावर शंका घेऊ नकोस. पंखा, खिडकी आणि पांघरूण यांवरून रात्री वाद नको. दोघांची पांघरुणे वेगळी करा, म्हणजे तिला तुझी झोप न मोडता आपले दूर सारता येईल. वाफ येते तेव्हा ती साधारण एक ते पाच मिनिटे टिकते. पण तेवढ्या वेळात कानशिले तापतात, छाती धडधडते, घाम फुटतो आणि नंतर थंडी वाजते. मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र या काळात इतके हळवे होते की, शरीराच्या तापमानातील बारीकशी वाढही त्याला मोठी वाटते आणि ते उष्णता बाहेर फेकण्याची सगळी यंत्रणा एकदम सुरू करते.

वहिनी, तुला एक काम सांगते. मला ज्या गोष्टीने सर्वांत जास्त आधार दिला ती म्हणजे उशाशी ठेवलेली एक छोटी वही. तिच्या तारेत पेन्सिल अडकवलेली होती, म्हणजे शोधावी लागू नये. रोज सकाळी अंथरुणातच मी एक ओळ लिहायचे: पाळीचा कितवा दिवस, झोप किती तास, घाम किती वेळा, मन कसे आहे, रक्तस्राव असेल तर किती पॅड. त्यातली एक नोंद अजून लक्षात आहे: "दिवस ३१. तीनदा जाग. हातात कुलूप होते, पण किल्ली हा शब्द दोन मिनिटे आठवला नाही, दारातच रडले." आणि लगेच दोन दिवसांनी: "दिवस ३३. काहीही नाही. सात तास झोप." या दोन ओळी एकाखाली एक वाचल्या, तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी खोटे बोलत नव्हते आणि वेडीही होत नव्हते. वही चांगल्या दिवशीही लिहायची असते. आपण फक्त वाईट दिवसच लिहिले तर चित्र एकतर्फी होते. आणि नुसत्या आठवणीवर विसंबलो, तर डॉक्टरांसमोर बसताना जसे वाटत असेल तसेच सगळे महिने गेले असे सांगून मोकळे होतो.

शब्द न आठवण्याची भीती मात्र बाळगू नकोस. अमेरिकेत १९९० च्या दशकात सुरू झालेल्या स्वान या दीर्घ अभ्यासात तीन हजारांहून अधिक स्त्रियांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. या संक्रमणकाळात नवीन गोष्टी लक्षात ठेवण्याची गती थोडी मंदावते आणि नंतर ती पुन्हा सुधारते, असे त्यात दिसले. त्याच अभ्यासात वाफा आणि घाम यांचा त्रास ज्यांना वारंवार होतो त्यांच्यातील निम्म्या जणींत तो ७.४ वर्षांहून जास्त काळ टिकल्याचेही आढळले. हा आकडा मी तुला घाबरवण्यासाठी सांगत नाही. एवढा काळ दात आवळून काढायचा नसतो, उपचार घ्यायचे असतात, म्हणून सांगते.

मावशी:
आता माझे ऐका. मी सत्तेचाळीस वर्षांची असताना मला महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस अंगावरून जायचे, मोठ्या गाठी पडायच्या, आणि मधला एखादा महिना अगदी कोरडा जायचा. तो कोरडा महिना आला की मला वाटायचे, संपले एकदाचे. असे करत मी दीड वर्ष कोणाला काही सांगितले नाही. बाहेर जाताना गडद रंगाचे कपडे घालायचे आणि बसलेल्या जागेवरून उठताना मागे वळून पाहायचे, एवढेच मला ठाऊक होते. एक दिवस जिन्याच्या सातव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला धरून तिथेच बसले. तपासणीत हिमोग्लोबिन ७ निघाले. चांगल्या महिन्याने मला फसवले, असे मी आजही म्हणते. तुम्ही असे करू नका.

मावसबहीण:
आई, हे तू मला आजवर कधीच सांगितले नाहीस. तू जिन्यात बसली होतीस तो दिवस मला आठवतो. मी समजत होते की तुझा उपवास होता. मी आत्ता तुला फोन करते.

(थोड्या वेळाने) आईशी बोलले. आता वहिनींसाठी लिहिते. एका तासात पॅड पूर्ण भिजत असेल आणि असे काही तास चालले, रक्तस्राव सात दिवसांहून जास्त लांबला, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसले, तर "या वयात असे चालायचेच" असे म्हणून थांबू नये. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर ते थेंबभर असले तरी लगेच दाखवावे. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भ राहण्याची शक्यता संपली, असेही नसते. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर पुढे एक वर्ष आणि पन्नाशीच्या आत आली असेल तर दोन वर्षे गर्भनिरोधक चालू ठेवण्याचा सल्ला देतात.

मी स्वतः आठ महिन्यांपासून इस्ट्रोजेनचा, त्वचेवर चिकटवायचा पॅच लावते आणि महिन्यातले ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी घेते. गर्भाशय असलेल्या स्त्रीला नुसते इस्ट्रोजेन देत नाहीत, कारण त्याने आतील अस्तर वाढत जाते. या उपचाराची मलाही फार भीती होती. ती भीती बरीचशी २००२ मध्ये थांबवलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून आली होती. पण त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते आणि बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षे झाली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा अधिक होतो, असे आज मानले जाते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका एकत्रित उपचारात वर्षे वाढतील तसा थोडा वाढतो, हे डॉक्टरांनी मला न लपवता सांगितले. गोळीने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तसा त्वचेवरील पॅचने वाढत नाही, म्हणून मी पॅच निवडला. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तस्रावाचे कारण अजून सापडलेले नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये. नैराश्यावरील काही औषधे कमी मात्रेत दिली तरी वाफा कमी होतात, तो पर्याय त्यांच्यासाठी असतो.

माझी एक चूक सांगते. पहिल्या महिन्यात एक वाईट आठवडा आला आणि मी पॅच काढून टाकला. नंतर चांगले वाटले म्हणून लावलाच नाही. अशाने औषध लागू पडले की नाही, हे मलाही कळेना आणि डॉक्टरांनाही. कोणताही उपचार सुरू केला की तीन महिने नेमाने घ्यावा आणि मग वही समोर ठेवून निर्णय करावा.

धाकटी वहिनी:
तुमचे सगळ्यांचे वाचून डोळे भरून आले, पण या वेळी कारण समजते आहे. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. औषधाशिवाय काही करता येते का? आणि वाईट दिवसांत मन इतके खचते की आपण कोणालाच नकोसे आहोत असे वाटते, त्याचे काय करावे?

मी:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते जास्त महत्त्वाचे आहे. या संक्रमणकाळात नैराश्याचा धोका खरोखरच वाढतो, आणि ज्यांना पाळीआधी किंवा बाळंतपणानंतर उदासी यायची त्यांना तो अधिक असतो. म्हणून डॉक्टरांना हे वाक्य तू जसे इथे लिहिलेस तसेच सांग. जगणेच नको असे एकदा जरी वाटले, तरी चांगल्या दिवसाची वाट न पाहता त्याच क्षणी मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी चालेल. आणि मी तुला त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जाईन.

औषधाशिवायच्या उपायांत विचार आणि वागणूक यांवर काम करणारी सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत वाफांचा जाच आणि झोप या दोन्हींवर उपयोगी ठरली आहे. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यानेही फरक पडतो. व्यायाम, योग आणि दीर्घ श्वसन यांनी वाफा कमी होतात याचा पक्का पुरावा नाही. पण वजन पेलण्याचे व्यायाम हाडांसाठी आवश्यकच आहेत, कारण शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीपासून हाडांची झीज वेगाने होऊ लागते. मला स्वतःला आणखी एका गोष्टीचा उपयोग झाला. महत्त्वाची कामे मी सकाळच्या पहिल्या तीन तासांत ठेवायचे, आणि कोणत्याही आठवड्यात दोन मोठी कामे लागोपाठच्या दिवशी घेत नसे. एक दिवस वाईट गेला तरी दुसरा मोकळा असे, त्यामुळे मला दर वेळी कोणाची माफी मागावी लागली नाही.

धाकटा भाऊ:
पांघरुणे आजपासून वेगळी केली आहेत. वहीही आणून ठेवली आहे.

धाकटी वहिनी:
वहीत पहिली ओळ लिहिली: "दिवस १९. झोप पाच तास. घाम दोनदा. मन सकाळी जड, आता बरे." डॉक्टरांची वेळ पुन्हा घेतली आहे, पुढच्या गुरुवारची. त्या दिवशी मला कितीही छान वाटत असले, तरी या वेळी मी ती रद्द करणार नाही.