प्रत्येक शाळेला समुपदेशक: दोनशिक्षकी शाळेनं काय घोडं मारलंय?

तापीकाठची: कालच्या पोस्टमध्ये एका दादांनी लिहिलं, "समुपदेशक जळगाव-धुळ्याच्या मोठ्या शाळांना ठीक. खेड्यात गुरुजी आहेत, आई-बाप आहेत. आम्हाला कोणी समुपदेशन केलं होतं?" हे वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले: १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमा. त्याहून कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्या. आता पाड्यावरच्या शाळांचे पट बघा. वीस, तीस, चाळीस. त्यांनी कुणाशी जोडून घ्यायचं?

माझी भाची आठवीत वसतिगृहात होती. दर सोमवारी तिच्या पोटात दुखायचं. तीन डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीच्या कुशीत बोलली, मोठ्या मुली रात्री उठवून कपडे धुवायला लावतात. सात महिने ती हे सोसत होती आणि आम्ही तिला पोटाच्या गोळ्या देत होतो.

केळीवाला रावेर: ती पोस्ट माझी. भाचीचं वाचून वाईट वाटलं ताई, पण ते काम वसतिगृहाच्या अधीक्षकाचं. माझा बाप गेला तेव्हा मी सहावीत. गुरुजी सायकलवर मळ्यात आले, आईला म्हणाले, पोराची शाळा सोडवू नका. वर्षभर संध्याकाळी स्वतःच्या घरी बसवून शिकवलं. कुठली पदविका होती त्यांच्याकडे? पगारी माणूस महिन्यातून एकदा येईल, रजिस्टरवर सही करेल आणि जाईल.

पारोळ्याचा मास्तर: दादा, ते गुरुजी आज नोकरीत असते तर बीएलओ, म्हणजे मतदार यादीचे अधिकारी असते. मतदार यादी, पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसवर भरायची शाळेची माहिती, त्यात चार वर्ग आणि आम्ही दोघं. एक जण बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच खोलीत. मळ्यात कधी जाऊ? आणि मार्क मीच देतो, घरी तक्रारही मीच करतो. बाप दारू पिऊन मारतो हे पोरगं मला कसं सांगेल? बापाबरोबर पारावर बसणारा मीच ना!

केळीवाला रावेर: झालं, शिक्षकांचं रडगाणं सुरू.

पारोळ्याचा मास्तर: रडगाणं नाही. २२ वर्षं झाली नोकरीला. एकदा येऊन बघा.

शिरपूरची सून: तुमचं भांडण चालू द्या, मला वेगळंच विचारायचंय. तो समुपदेशक बोलणार कुठल्या भाषेत? माझा मुलगा बालवाडीत "माले आठे करमत नही" म्हणाला. बाईंनी सगळ्या वर्गासमोर "शुद्ध बोल" म्हणून दरडावलं. त्यानंतर दोन महिने तो शाळेत बोललाच नाही.

केळीवाला रावेर: प्रत्येक विषयात अहिराणी आणायचीच का?

शिरपूरची सून: आणणार! पोरगं रडतं त्याच भाषेत.

अक्राणीकर: ताई, आमच्याकडे अहिराणीही परकीच. धडगावात पावरी, नवापूरकडे मावची. आश्रमशाळेत पहिलीचं पोरगं येतं तेव्हा त्याला मराठीत पाणी मागता येत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे. पण पोराकडे मोबाइल नाही आणि आमच्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला जातात, पोरगं चार-पाच महिने कुणाशी मनातलं बोलत नाही. वर "आई-बाप आहेत" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो.

तापीकाठची: म्हणूनच म्हणते, शाळेला नको तर केंद्राला, म्हणजे जवळच्या शाळांच्या गटाला एक द्या. केंद्रातल्या दहा-बारा शाळांत वार ठरवून फिरेल. स्थानिक मुलगी घ्या, समाजकार्य शिकलेली, पाड्याची बोली येणारी. आरोग्य तपासणीचं पथक गाडीनं येतंच ना, वजन, उंची, दात बघायला?

केळीवाला रावेर: आणि पोरानं अत्याचाराचं सांगितलं, तर ती गुपित ठेवणार? गावात राहणारी बाई आहे, उद्या तिच्यावरच दबाव येईल.

तापीकाठची: गुपित ठेवताच येत नाही. पॉक्सोच्या, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, तिला आणि मास्तरांनाही. पण दबावाचं बरोबर बोललात. त्या केंद्रात तिचं माहेर-सासर नको.

पारोळ्याचा मास्तर: आणि तिला पटनोंदणीच्या कामाला जुंपू नका. तेवढं लिहून घ्या आधी.

केळीवाला रावेर: केंद्राला एक, बोलीतली, बाहेरच्या केंद्रातली, दुसरं कुठलंही काम नाही. असं असेल तर माझा विरोध नाही. गुरुजींबद्दलचं मात्र मी मागे घेणार नाही.

अक्राणीकर: घेऊ नका. पण सुरुवात धडगावपासून करा, जळगावपासून नाही.