मेन्यूच्या नावातला & काढायचा कसा? (पायथन, क्यूट)

तळकोकणी:
मंडळी, पतपेढीतल्या मित्रांसाठी पायथनमध्ये क्यूट (खिडक्या, मेन्यू, बटणं बनवायची लायब्ररी) वापरून हिशेबाचं एक छोटं ॲप लिहितोय. मेन्यूतल्या आज्ञा नावाने शोधता याव्यात म्हणून वर शोधपट्टी दिली. तिची यादी मेन्यूच्याच लेबलांवरून बनते, त्यामुळे ऑल्टच्या शॉर्टकटसाठी घातलेले & तिथे जसेच्या तसे दिसायला लागले. रिप्लेस मारून सगळे & उडवले. इंग्रजीत झकास! मराठीत मात्र 'फाईल (&एफ)' चं 'फाईल (एफ)' होतंय, हवंय नुसतं 'फाईल' (एफ हे इंग्रजी अक्षर समजा). आणि 'जमा && खर्च' (खरा & दाखवायला तो दोनदा लिहितात) या टॅबमधला & पार गायब, मधे नुसत्या दोन स्पेस. तयार फंक्शन आहे का, की रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधून बदलणारं सूत्र) लिहू?

कंसमामा:
रेजेक्सच लिहा, दोन ओळींचं काम आहे. क्यूटच्या पोटात असं फंक्शन आहे, पण ते खाजगी, पायथनमधून हाताला लागत नाही.

कंसाची भानगड जपानी-चिनी भाषांतरांतून आली. ऑल्टबरोबर दाबायला त्या लिपीतलं अक्षर कीबोर्डवर थेट नसतं, म्हणून इंग्रजी अक्षर मागे कंसात टाकतात. आपले अनुवादकही तेच करतात. तेव्हा आधी अख्खा कंस काढा, अलीकडच्या स्पेससकट:
` *\(&.\)` च्या जागी काहीच नाही.
मग `&(.)` च्या जागी `\1`, म्हणजे & च्या पुढचं अक्षर.
दुसरी ओळ && ची जोडी एकदम गिळते आणि एक & मागे ठेवते, म्हणून 'जमा & खर्च' शाबूत राहतं. क्रम उलटा केलात तर कंस तसाच राहील.

दुपारचा_चहा:
मामा, 'इतर चिन्हं (&&)' असं लेबल आलं तर तुमची पहिली ओळ कंसासकट सगळं खाईल. टिंबाला कुठलंही अक्षर चालतं, त्याऐवजी & सोडून बाकी अक्षरं घेणारं `[^&]` करा.

आणि तळकोकणी, भाषांतर आधी, साफसफाई नंतर. भाषांतराच्या फायलीत मूळ वाक्य & सकट नोंदलेलं असतं. आधीच काढलात तर ते सापडणार नाही आणि मराठी मेन्यूत इंग्रजी नाव उगवेल. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय.

कंसमामा:
बरोबर, माझी चूक. `[^&]` च हवं.

नागपुरी_संत्रं:
कोणी बटणाच्या नावावरून 'कुठलं बटण दाबलं' ते ओळखत असेल तर सांभाळा. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर बटणांना आणि टॅबना & आपोआप चिकटवला जातो, तुम्ही लिहिलेला नसला तरी. तुमच्या मशीनवर 'जतन करा' तंतोतंत जुळतं, दुसऱ्याकडे जुळत नाही, आणि बग काही केल्या सापडत नाही. ओळखायला ऑब्जेक्टनेम (बटणाचं आतलं, पडद्यावर न दिसणारं नाव) वापरा, लेबल फक्त दाखवण्यापुरतं.

जीटीके आणि डब्ल्यूपीएफ या क्यूटसारख्याच लायब्रऱ्यांमध्ये & ऐवजी _ असतो, जोडीचा नियम तोच. लिब्रेऑफिसच्या जुन्या लेबलांत ~ दिसेल. म्हणून चिन्ह फंक्शनला बाहेरून द्या, आत कोरून ठेवू नका.

तळकोकणी:
सगळ्यांचे आभार, मेन्यू आता स्वच्छ. पण नवीनच गंमत. 'अलीकडच्या फायली' मध्ये एकाची फाईल 'तांदूळ&डाळ' आहे, ती 'तांदूळडाळ' दिसते. तिथे तर मी & काढतच नाहीये!

दुपारचा_चहा:
तिथे काढायचा नाही, वाढवायचा! माणसाने दिलेलं नाव मेन्यूत टाकण्याआधी प्रत्येक & चा && करा, नाहीतर क्यूट त्यालाच शॉर्टकटची खूण समजतो. ऑल्ट दाबून बघा, 'डा' खाली रेघ दिसेल. आणि फाईल उघडताना लेबलवरून नाव परत काढू नका, खरा पाथ (फाईलचा पूर्ण पत्ता) ॲक्शनच्या, म्हणजे मेन्यूतल्या त्या नोंदीच्या, डेटामध्ये ठेवा.

तळकोकणी:
दिसली रेघ! पाथ मी लेबलवरूनच काढत होतो, आत्ताच बदलतो.