मदत हवी आहे: जूनमध्ये पणजीला, नदीकाठी, सहा जणांचं मासळीचं जेवण

नमस्कार मंडळी,

शाळा उघडायच्या आत, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोव्याला निघतोय. स्वतःची गाडी, मुक्काम पणजीत. निमित्त सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचं. अण्णांची अट एकच: जेवण मांडवीच्या काठावर, पाणी दिसेल असं. १९८६ साली मांडवीचा पूल पडला, त्यानंतर ते नोकरीनिमित्त पणजीला गेले होते आणि फेरीबोटीने बेतीला जाऊन जेवले होते. तो बांगडा आमच्या घरात अजून वाढला जातो.

आता अडचणी. सासूबाई माळकरी आहेत. (एकादशी टाळून तारीख धरली आहे, ते सोडा.) त्यांना मासळीच्या कढईत तळलेला बटाटेवडाही चालत नाही. धाकट्या मुलीला कोळंबीची ॲलर्जी आहे, ओठ सुजतात, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे. अण्णांचे गुडघे गेलेत, त्यामुळे वाळूत खुर्च्या टाकणारी ठिकाणं बाद. तशीही शॅक पावसाळ्याआधी उतरवतात म्हणे.

आणखी एक. मागच्या वेळी दिराने एका ठिकाणी ताटातला मासा बोटाने दाखवला, वजन कुणी केलं नाही, आणि बिल बघून जावेने पाणी मागितलं. मेनूवर दरासमोर 'ॲज पर साइझ' एवढंच होतं. हे कसं टाळायचं?

आणि मुख्य प्रश्न, जूनमध्ये ताजा मासा मिळतो का? जाणकारांनी सांगावं. हॉटेलांची नावं नकोत, नावं सगळीकडे सापडतात. काय बघायचं, काय विचारायचं, ते हवंय.

प्रतिसाद:

ताई, मी पणजीचाच. मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी. यांत्रिक बोटींना आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे तुम्ही नेमके त्या दिवसांत येताय जेव्हा दोन्हीकडच्या बोटी बांधलेल्या असतात. त्या पंधरवड्यात कुणी इसवण (सुरमई) किंवा पापलेट 'आत्ताच आलंय' म्हणून पुढे केलं तर गोड हसा आणि चणक मागा. तुमच्या महाराष्ट्रात, रायगडकडे जिताडा म्हणतात तोच. खाडीत मिळतो, पाळतातही. शेवटो, म्हणजे बोय मासा, मिळाला तर उत्तम. कुर्ल्या (खेकडे) असतातच, पण तुमच्या मुलीपासून लांब.

कोळंबीचं म्हणाल तर बलचांव अजिबात नको. त्या तिखट आंबट मसाल्यात सुक्या बारीक सुंगटांचा, म्हणजे कोळंबीचा, गळमो घालतात. किसमुरी या कोशिंबिरीतही सुकी सुंगटं असतात आणि ती ताटात न सांगता येते. रवा फ्राय वगैरे एकाच तव्यावर, एकाच तेलात होतं. मुलीसाठी चणक वेगळ्या भांड्यात वाफवून देता का, हे फोनवरच विचारा. उत्तर द्यायला वेटर आत जाऊन स्वयंपाक्याला विचारून आला तर ते ठिकाण घ्या. 'नो प्रॉब्लेम मॅडम' लगेच आलं तर दुसरं बघा.

सासूबाईंना तिथे जेवू घालायचा हट्ट नको. वेगळी कढई मिळेल याची हमी कुणीच देणार नाही. पणजीत शाकाहारी खानावळी आहेत, आधी तिथे त्यांचं निवांत आटपा. नदीकाठी त्यांना शहाळं द्या.

प्रतिसाद:

बिलाबद्दल. मासा वजनकाट्यावर ठेवायला लावा, किलोचा दर विचारा आणि दोन्ही आकडे ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या. वजन साफ करायच्या आधीचं की नंतरचं, हेही विचारायचं, खरी मेख तिथेच असते. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढून मागता येतो. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावायला मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. जीएसटी मात्र भरावाच लागतो.

अण्णांना बेतीच्या बाजूलाच न्या. समोर पणजी दिसते. कॅसिनोच्या बोटींचे दिवे त्यांना आवडतील की नाही, सांगता येत नाही. पावसाळ्यात टेबल पत्र्याखालचं आणि कठड्यापासून एक ओळ आत धरा. वारं आलं की पहिली ओळ भिजते. पायऱ्या किती, हे फोनवर विचारून घ्या, फोटोत त्या कधीच दिसत नाहीत.

धागाकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंना आत्ताच वाचून दाखवलं. शहाळं चालेल म्हणाल्या, पण त्या आमच्यासोबतच बसणार आहेत, अण्णांच्या ताटावर लक्ष ठेवायला. एक राहिलं: चणकाला काटे किती? मुलगी सात वर्षांची आहे.

प्रतिसाद:

मोठे आणि मोजके, सहज निघतात. पाठीकडचा तुकडा मागा. शेवटो मात्र तिला देऊ नका, त्यात बारीक काटे असतात.