तालमीची जर्सी: तुमचे अनुभव लिहा

पेठेबाहेरचा
काल रात्री भाच्यानं अकरा सेकंदांचा व्हिडिओ टाकला. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, फुटबॉलचा सामना. चित्र धड दिसत नाही, नुसती हलगी आणि शिट्ट्या. मी पिंपरीत, भांडी घासत उभा, कोपरापर्यंत साबण. हलगी कानावर पडली आणि पोटात तसाच गोळा आला, जसा 1993 ला पहिल्यांदा जर्सी अंगात घातली तेव्हा आला होता.

तालमीचं नाव लिहीत नाही, नाहीतर इथंच सामना सुरू होईल. कोल्हापूरबाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. खाली लाल मातीचा हौदा, वर कॅरम, खुंटीला लेस बांधून टांगलेले बूट, कोपऱ्यात मोहरमच्या पंजांची पेटी, आणि भाद्रपदात तिथंच गणपती. फुटबॉलचा संघ ह्याच घरातला. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, सगळ्यांचं थोड्याफार फरकानं असंच.

माझी एकूण कारकीर्द सात मिनिटांची. अख्खा हंगाम बाकावर. शेवटच्या सामन्यात आमच्या लेफ्ट आउटच्या, म्हणजे डाव्या कडेनं खेळणाऱ्याच्या, पोटरीत गोळा आला. संघ सांभाळणाऱ्या दादांनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या शेजारच्याकडं बघितलं, तो पाणी प्यायला गेलेला. मग परत माझ्याकडं बघून म्हणाले, "जा."

बूट उसने, एक नंबर मोठे, पुढं वर्तमानपत्र कोंबलेलं. चौथ्या मिनिटाला चेंडू पायात आला. गोली आडवा पडलेला, समोर रिकामा गोल. मारला जीव खाऊन. चेंडू बाहेर गेला, बूट गोलात.

तेव्हापासून माझं नाव 'बूट'. अजून गंगावेशीत दूध प्यायला थांबलो की मागनं कुणीतरी "काय बूट, कवा आलास?" म्हणतंच.

तुमचं लिहा. कुठल्याही क्लबचं चालेल.

टिकटीवरची
आई गं, बूट गोलात 😂😂 ऑफिसात मोठ्यानं हसले, साहेब बघतोय

खटक्यावरबोट
1993? एक नंबर मोठे? डाव्या बुटाची टाच आतनं शिवलेली होती काय?

पेठेबाहेरचा
होती. का हो?

खटक्यावरबोट
आमच्या थोरल्याचे बूट हुते ते. परत आले तेव्हा उजव्याचा तळ लोंबत होता. त्यानं पाच रुपये देऊन शिवून घेतला आन् वर्षभर "कुणीतरी नेले, कुणीतरी नेले" करत बसला. गावला आज.

मुठेकाठी
कोल्हापुरात फुटबॉल?? मला वाटायचं तिथे फक्त कुस्ती आणि तांबडा-पांढरा.

टिकटीवरची
@मुठेकाठी एकदा या पाटाकडील-शिवाजीच्या सामन्याला. दोन्ही पेठांत दुकानाची फळी अर्धी ओढलेली असते. आणि येताना रंग बघून शर्ट घाला.

हौदा
कुस्तीचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी पैलवानांच्या बाजूचा. पहाटे आमचा हौदा, संध्याकाळी ही पोरं. मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालून ती आम्ही लेकरागत सांभाळायची आणि ह्यांनी मैदानावरनं येऊन बुटासकट त्यातनं चालत जायचं. वस्तादांनी एकदा सगळ्या फुटबॉलवाल्यांना बूट डोक्यावर घेऊन शंभर बैठका मारायला लावल्या होत्या. पण सामन्याच्या दिवशी मारुतीला नारळ पैलवानच फोडायचे. आमच्या आजोबांनी खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेताना, म्हणजे 1912 च्या आधी, डोळ्यांनी बघितलेलं. त्यांना फुटबॉल शेवटपर्यंत पटला नाही. "बावीस जण एका चेंडवासाठी भांडत्यात, एकेक घ्या की विकत." आणि हे सांगायला दर सामन्याला स्टेडियमवर हजर.

धुणंवाली
जर्सीवर सगळे बोलतात, ती धुतली कुणी ते पण विचारा. तीन भाऊ, मध्ये मी एकटी. हंगामात आठवड्याला तीन जर्स्या, सहा मोजे. मोज्यांतली माती तीन पाण्यांनीही निघत नाही. रंग जरा उतरला की धाकटा रडायचा, तो बावीस वर्षांचा होता तेव्हा.

मी स्वतः सामना बघितला नव्हता कधी. बायका फार जायच्या नाहीत तेव्हा, नाही म्हणायला कुणी अडवलंही नसतं, पण कुणी चल म्हणालं नाही. 2017 ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप आपल्याकडे झाला त्यात आपल्या गावचा अनिकेत जाधव होता ना, तो पहिला सामना आम्ही सगळ्यांनी घरात टीव्हीवर बघितला. अमेरिकेकडून 3-0 हरलो. आईनं तरी गल्लीत साखर वाटली. शेजारीण म्हणाली, अहो हरलोय आपण. आई म्हणाली, पोरगं दिसलं की.

आता लेक खेळते. मोजे तिचे तिनंच धुवायचे, हा नियम.

शांताबाईचीसून
@धुणंवाली रात्री मिठाच्या पाण्यात भिजत घालून बघा. डाग जात नाहीत पण वास जातो.

मडगांवकार
तालीम वगैरे आमच्याकडे नाही, पण गोंयकार म्हणून गप्प बसवत नाही. आमच्या धेंपो क्लबनं पाच वेळा देशाची लीग जिंकली, चर्चिलनं दोनदा. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आम्ही शाळा बुडवून जायचो. 2016 ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिघांनीही आय-लीगमधून, म्हणजे त्या देशाच्या लीगमधून, अंग काढून घेतलं. बाबांनी त्या दिवशी पेपर घडी करून ठेवला आणि नुस्त्याला (मासळीला) गेले, नुस्तें न घेताच परत आले. तुमचे क्लब पेठेचे आहेत, मालक एक नाही, हे बरं आहे.

खटक्यावरबोट
@मडगांवकार मालक न्हाई कसा, अख्खी पेठ मालक. हरल्यावर कळतं 😄

उत्तरेश्वर
विषयाला धरून आहे का माहीत नाही. 2019 चा पंचगंगेचा पूर. धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर. आमचे अण्णा तेव्हा 78 वर्षांचे, घर सोडायला तयार नाहीत. रात्री गळ्याएवढ्या पाण्यातनं पोरं आली. अण्णा जन्मभर ज्या तालमीला शिव्या घालत आले, नेमकी तिचीच जर्सी पुढच्या पोराच्या अंगात. अण्णा म्हणाले, "दुसरं कोण हाय का?" तो म्हणाला, "न्हाई आबा, आज आमचाच सामना." खांद्यावर घेऊन आणलं.

पुढच्याच महिन्यात गणपती आणि मोहरम एकत्र आले. अण्णा काठी टेकत त्या तालमीत गेले. एकाच मांडवात गणपती आणि पंजे, दोघांपुढं नारळ ठेवून आले. घरी येऊन म्हणाले, "संघ मात्र भिकारच हाय त्यांचा."

मागच्या वर्षी गेले.

टिकटीवरची
🙏 डोळ्यात पाणी आणलंत

हौदा
अण्णांना रामराम. असली माणसं हुती म्हणून खुन्नस सुद्धा गोड लागायची.

मुठेकाठी
मघाशी गंमत केली, माफ करा. मी येणार सामन्याला. कुठल्या रंगाचा शर्ट सुरक्षित?

खटक्यावरबोट
कुठलाच न्हाई

रस्सामंडळ
आमच्या वाड्यात वरच्या खोलीत एका संघाचा नायजेरियन खेळाडू भाड्यानं राहायचा. सहा फूट तीन इंच, जिन्यात रोज डोकं आपटायचं. आई त्याला तिखट लागेल म्हणून पांढरा रस्सा वाढायची, तो तांबड्याकडं बोट दाखवायचा. दुसऱ्या हंगामात आईला "काकू, मीठ कमी हाय" म्हणाला. आईनं पहिल्यांदा हे कुणाचं तरी ऐकून घेतलं, बाबांचं चाळीस वर्षांत नाही. मग तो दुसऱ्या संघात गेला, म्हणजे आमच्या विरुद्ध. सामन्याच्या सकाळी आईनं मुद्दाम दोन वाट्या जास्त वाढल्या. "जड झाला म्हंजे पळायचा न्हाई." दोन गोल मारले त्यानं.

शांताबाईचीसून
😂😂 पांढऱ्या रश्श्याला खसखस घालता का हो तुम्ही? की नुसते काजू?

रस्सामंडळ
खसखस, तीळ, खोबरं. काजू हाटेलात.

धुणंवाली
काजू घालणाऱ्यांना धाग्यातनं काढा.

मिरजमार्गे
18 डिसेंबर 2022 च्या, वर्ल्ड कप फायनलच्या रात्रीबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? मी अर्जेंटिना, नवरा ब्राझील, फोटो लावण्यावरून आधीच आठ दिवस अबोला. पेनल्टी सुरू झाल्या आणि लाइट गेली आमच्याकडं. चौकातल्या आरड्यावरनं स्कोअर कळत होता. दोनदा मोठा आरडा, एकदा शांतता, नंतर फटाके… (पोरगं उठलं, नंतर लिहिते)

पेठेबाहेरचा
सगळ्यांचं वाचतोय, लोकलमध्ये आहे. @उत्तरेश्वर तुमचं दोनदा वाचलं.
@खटक्यावरबोट थोरले आहेत ना? पाच रुपये द्यायचेत.

खटक्यावरबोट
हाय की. त्यालाच वाचून दाखवतोय आत्ता. तो म्हणतोय पाच रुपये राहू देत, तो चेंडू उजव्या पायानं का मारला ते आधी सांग. लेफ्ट आउटला उतरवला हुता न्हवं?

पेठेबाहेरचा
डावा बूट आधीच निसटत होता.

खटक्यावरबोट
हसतोय मर्दा. म्हणतोय रविवारी चारच्या सामन्याला ये, त्याच्या शेजारी जागा धरतो. येताना बूट घालून ये, चप्पल नको.

मुठेकाठी
रविवारी माझ्यासाठी पण एक जागा धराल का? आणि गाडी कुठे लावायची?