मदत हवी आहे : स्लोव्हेनियातल्या स्प्रूसच्या जंगलाला सालभुंगेरा लागलाय, आधी काय तोडायचं?

लुब्लियानाकर
नमस्कार मंडळी. सासऱ्यांच्या नावावर त्सेर्क्निकाजवळ १.८ हेक्टर खासगी जंगल आहे. उंची साधारण ६०० मीटर, जमीन चुनखडीची, झाडं बहुतेक स्प्रूस (सुईसारख्या पानांचा सूचिपर्णी वृक्ष), कडेने थोडे बीच (रुंद पानांचे, पानगळीचे वृक्ष). राज्याच्या वनसेवेने सालभुंगेऱ्यामुळे (सालीखाली वाढून झाड मारणारा किडा) ३४ झाडं तोडण्याचा लेखी आदेश दिला आहे, मुदत तीन आठवडे. त्यातली १२ पूर्ण वाळून लाल-करडी झाली आहेत आणि त्यांची साल गळते आहे. १५ वरून हिरवीगार, पण बुंध्याशी तपकिरी भुकटी पडलेली. उरलेल्या सातांचे शेंडे वाऱ्याने मोडलेत. ट्रॅक्टरवाला एकच मिळतोय आणि तोही आठवड्यातून दोनच दिवस. सुरुवात कुठून करावी? वाळलेली झाडं आधी काढून जागा मोकळी करावी असं घरी ठरतंय. फवारणी करून हिरवी झाडं वाचतील का? रिकाम्या जागी पुन्हा स्प्रूस लावावा का? आणि एक जनरल शंका : ५८ टक्के देश जंगलाखाली असताना इथे जो तो जंगलाची अवस्था वाईट आहे असं का म्हणतो?

रानवाटा
घरी ठरलंय त्याच्या बरोबर उलट करा. हिरवी १५ आधी.

वाळलेल्या झाडाची साल गळायला लागली म्हणजे भुंगेरा त्यातून बहुधा उडून गेलेला असतो. तिथे तुम्ही रिकामं घर पाडताय. भुकटी (किड्याने पोखरलेल्या सालीचा भुसा) पडलेल्या हिरव्या झाडात मात्र आत्ता अंडी-अळ्या वाढताहेत. आठ दातांचा स्प्रूस-सालभुंगेरा हवा साधारण १६-१७ अंशांवर गेली की उडतो. नर आधी साल पोखरून आत शिरतो आणि त्याच्या गंधाने बाकीचे हजारोंनी येतात. माद्या सालीखाली उभे बोगदे काढून दोन्ही कडांना अंडी घालतात. उबदार हवेत अंड्यापासून नवा भुंगेरा व्हायला सहा ते आठ आठवडे. तुमच्या उंचीवर वर्षाला दोन पिढ्या धराच, कडक उन्हाळ्यात सखल भागात तिसरीही होते. एका झाडातून निघालेले किडे शेजारची अनेक झाडं मारू शकतात. तेव्हा तीन आठवड्यांची मुदत कागदावरची समजा, खरी मुदत सालीखाली चालू आहे.

प्रत्येक हिरव्या झाडाची छातीएवढ्या उंचीवर तळहाताएवढी साल सुरीने सोलून आत काय आहे ते बघा आणि इथे सांगा. पुढचं त्यावर ठरेल.

शेंडे मोडलेली सात झाडंही सोडू नका, ती दुसऱ्या क्रमांकावर. मोडलेल्या झाडाला राळेचा दाब नसतो. निरोगी स्प्रूस किड्याला राळेत बुडवून मारतो, मोडलेल्याला किंवा पाण्यावाचून सुकलेल्याला ते जमत नाही.

वाळलेली १२ शेवटी. आदेशात आहेत म्हणजे ती काढावी लागतीलच, पण बीटच्या वनाधिकाऱ्याशी बोलून वाटेपासून लांब असलेली दोन-चार उभी ठेवता येतात का ते विचारा. सुतारपक्षी आणि सालभुंगेरा खाणारे मुंगीसारखे दिसणारे भुंगेरे अशाच झाडांवर राहतात.

सागवान
फवारणीचं : नाही. किडा सालीच्या आत आहे, औषध सालीच्या बाहेर. शिवाय स्लोव्हेनियाच्या वनकायद्यानुसार जंगलात कीटकनाशकाला एरवी बंदीच आहे. शिरकाव झालेलं झाड वाचत नाही, त्यावर पैसे घालवू नका.

कामगंध सापळ्याबद्दलही (किड्याच्याच गंधाने किड्याला ओढणारा सापळा) लोकांचा गैरसमज असतो. काळे, फटींचे सापळे तुम्ही तिकडे पाहिले असतील. ते मुख्यतः किती किडा उडतोय हे मोजायला असतात, त्याने जंगल साफ होत नाही. स्वतः आणून लावायच्या भानगडीत पडू नका. उभ्या स्प्रूसपासून १५-२० मीटरच्या आत लावला तर गंधाने आलेले किडे सापळ्यात न पडता शेजारच्या झाडावर बसतात आणि नवं केंद्र आपणच तयार करतो.

सापळा-झाड ही मात्र चांगली रीत आहे, पण पुढच्या वर्षासाठी. हिवाळा संपता संपता एक-दोन निरोगी स्प्रूस पाडून अर्धसावलीत ठेवायचे आणि वर फांद्या टाकायच्या, म्हणजे खोड लवकर सुकत नाही. वसंतात उडालेला किडा उभ्या झाडांऐवजी त्यात शिरतो. आत अळ्या दिसल्या की लगेच सोलायचं. इथेच लोक चुकतात : खोड पाडतात, विसरतात, आणि जूनमध्ये त्याच खोडातून नवी पिढी बाहेर. वेळेवर फेऱ्या मारायला माणूस नसेल तर हा प्रकार करूच नका.

(मध्य प्रदेशात मंडला-दिंडोरीकडे १९९० च्या दशकात सालवृक्षांवर खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची मोठी साथ आली होती, तेव्हाही ओंडके ठेचून त्यांच्या रसावर आलेले किडे वेचायचे आणि मोजणीवर मजुरी द्यायची, हाच मार्ग होता. किडा वेगळा, झाड वेगळं, पण फेऱ्या चुकल्या तर उपाय उलटतो हे दोन्हीकडे सारखंच.)

लुब्लियानाकर
आभार! साल सोलून बघितली. १५ पैकी ९ झाडांत पांढऱ्या अळ्या आणि पांढरे मऊ कोष. ४ झाडांत पिवळट-तपकिरी छोटे किडे, हलणारे. दोनात फक्त बोगदे आणि बारीक पांढरे ठिपके. ओंडके रस्त्याकडेला रचून ठेवले तर चालतील का? गाडी कधी येईल सांगता येत नाही.

रानवाटा
मग क्रम असा. पिवळट किडे असलेली ४ झाडं उद्या. ते अजून पिकतायत, काळसर झाले की उडतील. ही झाडं नुसती सोलून उपयोग नाही, कारण तयार किडा सोलपटातूनही चालत निघतो. पाडा आणि सालीसकट जंगलाबाहेर काढा, किंवा सोललेली साल त्याच दिवशी चिपरमध्ये (लाकूड-सालीचे बारीक तुकडे करणारं यंत्र) घाला. उन्हाळ्यात जाळायचं डोक्यातून काढून टाका.

अळ्या-कोषवाली ९ त्यानंतर. ती पाडून जागेवर सोललीत तरी पुरे, अळी उघड्यावर सुकून मरते. हाताने सोलायला लांब दांड्याचं पातं, जास्त असतील तर चेनसॉला बसणारा साल-सोलणारा जोड मिळतो. अंडीवाल्या दोघांना थोडा अवधी आहे, पण मुदतीच्या आत उरकाच.

रस्त्याकडेला सालीसकट रचणं म्हणजे किड्याला एस्टी स्टँडवर आणून सोडणं. जर्मनभाषक देशांतला जुना ठोकताळा आहे : सालीसकटचा ढीग स्प्रूसपासून निदान ५०० मीटर लांब. तिथे एवढी मोकळी जागा नसेल तर गावातल्या अंगणात न्या किंवा सोलून ठेवा. गाडीची तारीख हातात आल्याशिवाय पिवळ्या किड्यांची झाडं रस्त्यावर आणू नका.

फांद्या पसरून टाकू नका. जाड टोकं आत, बारीक बाहेर असे ढीग घाला. शेंड्यात आणि फांद्यांत सहा दातांचा धाकटा भाऊबंद वाढतो, तो तरुण झाडांवर जातो. चिपर मिळाला तर सगळ्यात उत्तम.

काम झालं की वनाधिकाऱ्याला कळवा, तो तपासून जातो. मुदत चुकली तर वनसेवा दुसऱ्याकडून काम करून घेऊन खर्च मालकाकडून वसूल करू शकते. ट्रॅक्टरवाल्याची अडचण असेल तर मुदतीच्या आधीच बोला. आणि पुढचे दोन महिने दर आठवड्याला तोडलेल्या जागेच्या कडेच्या झाडांचे बुंधे बघत राहा. भुकटी पावसाने धुऊन जाते, म्हणून कोरड्या दिवशी जा. कोळ्याच्या जाळ्यांवर आणि सालीच्या खपल्यांमागे ती नीट दिसते.

कुऱ्हाडीचा_दांडा
पाडणार कोण आहे? घरचंच कोणी असेल तर थांबा. निरोगी झाड आणि किडीचं वाळलेलं झाड पाडणं यात फार फरक आहे. वाळलेल्या स्प्रूसचा शेंडा ठिसूळ असतो. पाचर ठोकताना खोड हादरतं आणि शेंडा तुटून ठोकणाऱ्याच्या डोक्यावर येतो. तुमची ती १२ आणि शेंडे मोडलेली सात झाडं पाचरीने नाही, ट्रॅक्टरच्या विंचने (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) दोर लावून ओढून पाडायची.

मोजमापं : पडायच्या बाजूची खाच व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या भागाएवढी खोल. मधे बिजागरीसारखी न कापलेली पट्टी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे ३६ सेंमीच्या झाडाला साधारण साडेतीन सेंमी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर. पट्टी पूर्ण कापली गेली की झाड कुठेही जातं. दोन झाडांच्या उंचीएवढ्या वर्तुळात दुसरं माणूस नको, पण हाकेच्या अंतरावर एक जण हवाच. हेल्मेट, कानपट्ट्या, चेनसॉ-पँट, बूट. शेजारच्या झाडात अडकलेलं झाड तसंच सोडून जेवायला जाऊ नये, आणि त्याच्याखाली तर कधीच जाऊ नये. वनसेवा मालकांसाठी सुरक्षित कामाचे वर्ग घेते, तिथे नाव घाला. ३४ झाडांसाठी कंत्राटदार लावला तरी हरकत नाही, हाडं महाग पडतात.

अजून एक, कोणी सांगत नाही म्हणून : त्या भागात गोचिडींमुळे होणारा मेंदूज्वर आहे. तीन डोसांची लस मिळते. काम झाल्यावर गुडघ्यामागे, काखेत बघा.

आकडेमोड
५८ टक्क्यांबद्दल. तो आकडा खरा आहे, पण तो क्षेत्रफळ सांगतो, प्रकृती नाही. १८७५ च्या सुमारास तिथे जंगल ३६ टक्के होतं. वाढलेला बराच भाग म्हणजे सोडून दिलेली कुरणं आणि शेतं, आपोआप रान झालेली. स्प्रूसचं म्हणाल तर लाकडाला भाव म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या मूळ जागेपेक्षा बराच खाली, बीचच्या उंचीवर लावला गेला. आज उभ्या लाकडात त्याचा वाटा ढोबळ तीस टक्के आहे. तुमचे १.८ हेक्टर त्याच गणितातले दिसतात.

पुढचा क्रम बघा. ३० जानेवारी २०१४ पासून दहाएक दिवस गोठणारा पाऊस : वर उबदार हवा, जमिनीलगत शून्याखाली, त्यामुळे थेंब फांदीवर पडताच बर्फ. देशाच्या सुमारे निम्म्या वनक्षेत्राला फटका बसला आणि ९० लाख घनमीटरच्या आसपास लाकूड मोडलं. त्यातला मोडका स्प्रूस वेळेत निघाला नाही. वर २०१५ चा उन्हाळा तापला. २०१६ साली नुसत्या सालभुंगेऱ्यामुळे २० लाख घनमीटरहून जास्त तोड करावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये वादळाने दक्षिणेतल्या कोचेव्ये-पोस्तोइनाकडे पुन्हा तेवढंच पाडलं. जुलै २०२२ मध्ये इटलीच्या सीमेलगतच्या क्रास पठारावर ३५०० हेक्टरहून जास्त जळलं, आणि पहिल्या महायुद्धातले न फुटलेले तोफगोळे आगीत फुटत असल्याने अग्निशामकांना कित्येक ठिकाणी आत जाता येत नव्हतं.

वेळेत का निघत नाही याचं उत्तर मालकीत आहे. तीन चतुर्थांशांहून जास्त जंगल खासगी, एकवीस लाखांच्या देशात चार लाखांवर मालक-सहमालक. एकाच तुकड्याचे पाच सहमालक आणि दोघे परदेशात, हे चित्र आपल्या सातबाऱ्याला परकं नाही. किडा मात्र हद्दीचे दगड बघत नाही. तुमच्या शेजारच्या तुकड्यांच्या मालकांना आदेश गेलेत का तेवढं विचारून घ्या, नाहीतर तुम्ही साफ करून उपयोग शून्य.

तरीही सगळं वाईट म्हणणं मला पटत नाही. तिथे एका झटक्यात सगळं जंगल उतरवण्याला दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच बंदी आली, निवडक तोडीची परंपरा त्याहून जुनी. लिओपोल्ड हुफ्नागल या वनतज्ज्ञाने १८९२ मध्येच कोचेव्येच्या आराखड्यात काही रान अजिबात न तोडण्यासाठी राखून ठेवलं होतं. हेक्टरी सरासरी ३०० घनमीटरच्या आसपास उभं लाकूड म्हणजे दरिद्री जंगल नव्हे. बीच बर्फात फांद्या मोडूनही पुन्हा फुटला. आजारी आहे तो प्रामुख्याने चुकीच्या उंचीवरचा स्प्रूस.

रानवाटा
म्हणूनच पुन्हा स्प्रूस नको. ६०० मीटर, चुनखडी : हे बीच आणि फरचं (स्प्रूससारखाच दुसरा सूचिपर्णी वृक्ष) घर आहे. कडेला बीच आहेत ना? मग लहान मोकळ्या जागांत दोन-तीन वर्षं काहीच लावू नका, बी पडून रोपं येतील. सायकॅमोर मेपल हा रुंद पानांचा वृक्षही येतो. ब्लॅकबेरीच्या काट्यांनी जागा झाकली तर मात्र रोपं गुदमरतात, तिथे उन्हाळ्यात एकदा रोपांभोवती कापणी.

जिथे काहीच येत नाही तिथेच लावणी, हेक्टरी २०००-२५०० च्या हिशेबाने, पण सगळीकडे सारखी नाही, पुंजक्यांनी. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा कळ्या फुटण्याआधी मार्च-एप्रिल. उघड्या मुळांची रोपं उन्हात पाच-दहा मिनिटं ठेवली तरी मुळं सुकतात. मेलेल्या लावणीचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच, दोष मात्र रोपवाटिकेला जातो. ओल्या गोणपाटात ठेवा, खड्ड्यात मूळ वळवून कोंबू नका. अ‍ॅश हा वृक्ष लावू नका, बुरशीने तो तिथे २००६ पासून मरतोय. फर लावाल तर हरणं शेंडे खाऊन टाकतील, दोन मीटर कुंपण किंवा प्रत्येक रोपाला नळी लागेल. रोपं आणि कुंपणाला सरकारी मदत आहे, पण अर्ज आणि वनाधिकाऱ्याची मान्यता आधी, खरेदी नंतर.

लुब्लियानाकर
खूप उपयोग झाला. शेजारी दोन तुकड्यांनाही आदेश गेलेत असं कळलं. शेवटचं : व्यापारी "सगळं मिळून अमुक" असा आकडा देतोय. ३४ झाडांचं लाकूड किती धरायचं? सरासरी व्यास ३६ सेंमी, उंची २५ मीटर.

आकडेमोड
व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग × ०.७८५ (वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी) × उंची × ०.४५ (खोड वर निमुळतं होतं म्हणून). म्हणजे ०.३६ × ०.३६ × ०.७८५ × २५ × ०.४५, झाडामागे सुमारे १.१५ घनमीटर. ३४ झाडांचे ३९. साल आणि वाया जाणारा शेंडा वजा करून विकाऊ ३२ ते ३५ धरा. शेंडे मोडलेली सात अजून थोडी कमी भरतील.

उक्तं देऊ नका. घनमीटरवर आणि प्रतवारीवर दर ठरवा, मोजणी साल वजा करून की सालीसकट हे लिहून घ्या, तोड-ओढणीचा खर्च कोणाचा तेही. भुंगेऱ्याबरोबर आलेल्या बुरशीने लाकूड निळं पडतं. त्याने ताकद फारशी जात नाही, पण भाव पडतो, आणि उशीर होईल तसा निळेपणा वाढतो. ओंडके ४ मीटर अधिक १० सेंमी जादा कापा, जादा नसेल तर गिरणीवाला पुढच्या छोट्या मापात धरतो. लांब ट्रेलरच्या गाडीत २५-३० घनमीटर मावतात, तुमचा माल एका गाडीपेक्षा थोडा जास्त. त्या दोन शेजाऱ्यांबरोबर मिळून दोन पूर्ण गाड्या भरल्यात तर दरही बरा मिळेल आणि गाडीची तारीखही लवकर.